युसूफभाईंच्या पुलावरून गेलेले रणगाडे

चौतीस वर्षांच्या नोकरीत माझी हिंगोलीला दोनदा बदली झाली आणि दोन्ही वेळा मी ती रद्द करून घेतली. पहिल्यांदा आईच्या गुडघ्यांचं कारण दिलं, दुसऱ्यांदा मुलाच्या दहावीचं. निवृत्त झाल्यावर मात्र, कुणीही सांगितलेलं नसताना, मी आपण होऊन हिंगोलीला निघालो. बॅग भरताना बायकोने विचारलं, "आता कुणाचे गुडघे?" मी बॅगेची चेन लावली. ज्या पत्राला उत्तर नसतं ते फाइलला लावून मोकळं व्हावं, एवढं सरकारी नोकरीने मला शिकवलं आहे.

निमित्त एका स्मरणिकेचं होतं. पुण्यात आम्हा निवृत्त अभियंत्यांचं एक मंडळ आहे. महिन्यातून एकदा भेटतो, रक्तदाबाची चर्चा करतो आणि हल्लीचे पूल कसे कच्चे असतात यावर एकमत करून घरी जातो. यंदा 'अभियंता आणि राष्ट्रसेवा' अशी स्मरणिका काढायचं ठरलं. धरणं, घाट, बोगदे हे विषय ज्येष्ठ सभासदांनी पहिल्याच बैठकीत पळवले. उरलं ते सैन्यातल्या अभियंता तुकड्यांचं लढाईतलं काम. मी त्या दिवशी उशिरा पोचलो होतो, म्हणून ते माझ्या वाट्याला आलं.

या जवानांना जुनी माणसं 'सफरमैना' म्हणत. मूळ इंग्रजी 'सॅपर्स अँड मायनर्स'चा हा आपल्याकडचा अवतार. ऐकून वाटतं, सहलीला निघालेली एखादी साळुंकी असेल. प्रत्यक्षात ही माणसं सैन्याच्या पुढे जाऊन सुरुंग काढतात, रस्ते करतात, नद्यांवर पूल टाकतात. पलटण पलीकडे गेली की हे अलीकडे राहतात आणि पूल सांभाळतात. विजयाच्या छायाचित्रात पूल दिसतो, हे दिसत नाहीत. आमच्या खात्यातही फीत कापतानाच्या फोटोत अभियंता सहसा कडेला, अर्धा कापलेला असतो. त्यामुळे विषय हळूहळू मला आपला वाटू लागला.

माझ्या हाती एक चीज लागली होती. एकाहत्तरच्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर असलेल्या, पूल टाकणाऱ्या एका तुकडीतल्या कॅप्टनची खिशातली वही. कॅप्टनसाहेब वारले. त्यांची मुलगी आमच्याच सोसायटीत राहते, तिने मला वहीची झेरॉक्स दिली. अक्षर सुरेख, मजकूर इतका कोरडा की वाचताना घरी आल्यासारखं वाटलं. नदीची रुंदी, प्रवाहाचा वेग, तळ वाळूचा की चिखलाचा. एका पानावर इंग्रजीत जे होतं त्याचं मराठी असं: 'पूल सकाळी पूर्ण. एक जवान मृत, अपघात. नवा आदेश: सैन्य वरच्या अंगाने दुसरीकडून ओलांडणार. पूल उतरवावा. वापर: शून्य.' आमच्या खात्याच्या मराठीत याला 'निरंक' म्हणतात.

वहीच्या अखेरीस नावं होती. मृत जवान किसन पाईकराव, साखरा, जिल्हा परभणी. आणि त्याच्याच होडीगटातला शेख युसूफ, आखाडा बाळापूर, जिल्हा परभणी. ही दोन्ही गावं आता हिंगोली जिल्ह्यात आहेत. गावं जागची हलली नाहीत, जिल्हाच त्यांच्याकडे चालत आला. माजी सैनिकांची खबरबात ठेवणाऱ्या एका गृहस्थांनी फोनवर सांगितलं की युसूफभाई हयात आहेत आणि किसनच्या पत्नी गयाबाईही आहेत. मी दोघांनाही एकाच दौऱ्यात उरकायचं ठरवलं. 'उरकायचं' हा शब्द तेव्हाचा आहे.

सकाळी नांदेडला रेल्वेतून उतरून बाळापूरची एसटी धरली. फेब्रुवारी संपत आला होता. अर्धापूरपर्यंत दोन्ही बाजूंना केळीच्या बागा होत्या, त्यानंतर हळद लागली. शेतांच्या कडेला मोठमोठ्या लोखंडी पिंपांतून हळद शिजत होती आणि तिच्या वाफेचा ओला, मातकट वास थेट बसमध्ये येत होता. शिजलेली हळद खळ्यांवर, पटांगणांत, एका ठिकाणी तर शाळेच्या बंद फाटकासमोर वाळत टाकली होती. जमीन काळी आणि तिच्यावर हे पिवळे गालिचे. एवढ्या वर्षांत या मुलखाचं माझ्या मनातलं चित्र फक्त धुळीचं होतं. न पाहिलेल्या गावाविषयी माणसाचं मत नेहमी पक्कं असतं.

शेजारी एक बाई मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, "कोन्त्या गावचे?"

"पुण्याचा."

"मंग हिकडं काहून येऊन राहिले?"

"बाळापूरला एका माजी सैनिकाला भेटायचंय. युसूफभाई."

"टँकवाले युसूफभाई व्हय! मंग असं सांगा की. कोनालाबी इचारा, घेऊन जातील."

मला बरं वाटलं. टँक म्हणजे रणगाडे, म्हणजे लोकांना त्यांचं युद्धातलं काम माहीत होतं. बाळापूरच्या फाट्यावर, ट्रक आणि ट्रॅक्टरच्या गर्दीत उतरून मी एका पानवाल्याला 'टँकवाले युसूफभाई' विचारले. त्याने बोटानेच दुकान दाखवलं. दुकानासमोर पाण्याचे चार टँकर उभे होते. एकावर वेल्डिंग चालू होतं, बाकीच्यांवर हिरवा रंग वाळत होता. पाण्याचे टँकर बनवणारा म्हणून टँकवाला. मी हसून कपाळाला हात लावला. पण पुढे कळलं की गावाने ते नाव दोन्ही कारणांसाठी दिलं होतं, आणि माझं हसणं घाईचं होतं.

युसूफभाई पंच्याहत्तरीचे. पांढरी दाढी, लांब हात, डोळ्यांत ठिणग्यांनी आलेली कायमची लाली. धंदा आता मुलगा पाहतो. हे खुर्ची टाकून बसतात आणि वेल्डिंगची रेष वाकडी गेली तर तिथूनच ओरडतात. मी कशासाठी आलो ते सांगितल्यावर ते उभेच राहिले.

"सफरमैनाचं इचारायला पुन्याहून आले? बसा, बसा. तकलीफ झाली असंल." मुलाला म्हणाले, "मशीन बंद कर थोडं."

मशीन बंद झालं आणि गोष्ट सुरू झाली. ती अर्थातच बाळापूरला पाठ होती. टँकर न्यायला आलेला एक शेतकरी आणि शेजारचा टायरवाला आपण होऊन येऊन बसले. गोष्ट अशी: मोठी नदी, हिवाळ्याची थंडी, दाट धुकं. लोखंडी होड्या एकीला एक जोडून वर पत्रे टाकायचे. समोरून गोळीबार. किसन पाईकराव, साखऱ्याचा, विहिरीत पोहून तयार झालेला गडी, होडी सांभाळता सांभाळता गोळीबाराच्या धांदलीत पाण्यात पडून बुडाला. पण पूल झाला. आणि सकाळी त्या पुलावरून आपले टँक धडाडत पलीकडे गेले.

"सात टँक," युसूफभाई म्हणाले.

"मागल्या साली नऊ व्हते, चाचा," टायरवाला म्हणाला.

"दोन मागून आले," युसूफभाईंनी विषय मिटवला.

मी वहीत टिपत होतो आणि माझ्याच बॅगेत दुसरी वही होती, जिच्यात टँकांची संख्या निरंक होती. चौतीस वर्षांत खोटे अहवाल मी पुष्कळ वाचले, काही लिहिलेसुद्धा. पण एवढ्या प्रेमाने सांगितलेला अहवाल पाहिला नव्हता.

दुपारी जेवायला त्यांनी घरी नेलं. मसुराची खिचडी आणि खट्टा (चिंचेचं, तीळ-शेंगदाणे घातलेलं पातळ सार). इतकं आंबट-तिखट की पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आलं आणि तिसऱ्या घासाला मी आणखी मागितलं. जेवण झाल्यावर, आम्ही दोघेच असताना, मी झेरॉक्स काढली. ते पान मराठीत वाचून दाखवलं. खरं तर मला त्यांच्याकडून फक्त खुलासा हवा होता. खुलासा मागवण्याची सवय सुटत नाही.

युसूफभाईंनी तो कागद हातात घेतला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, तरी त्यांनी शेवटच्या ओळीवर बरोबर बोट ठेवलं.

"हे कॅप्टनसाहेबांचं अक्षर. बराबर." मग म्हणाले, "गयाबाईला वाचून दाखवनार?"

"उद्या साखऱ्याला जाणार आहे. त्यांना काय सांगायचं ते ठरवलेलं नाही."

"ती समजून हाय की किसनच्या पुलावरून फौज गेली. मीच सांगितलंय. सुट्टीवर आलो तवा पयल्यांदा सांगितलं आन् मंग दरसाल सांगत आलो." थोडं थांबून ते म्हणाले, "बाकी समदं वाचा साहेब. तेवढ्या पानाला हात लावू नका."

"बघू," मी म्हणालो. नोकरीत हा शब्द मी हजारदा वापरला असेल. त्याचा अर्थ समोरच्याला नेहमी कळतो. युसूफभाईंनाही कळला.

"मी बी येतो उद्या," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे हिंगोलीच्या बसमध्ये बसलो. पंच्याहत्तरी झाल्यामुळे त्यांना तिकीट पडत नाही, आणि ते कार्ड दाखवताना त्यांनी कंडक्टरपुढे अशी मान ताठ केली की जणू पदकच दाखवत होते. कळमनुरी गेलं, हिंगोलीजवळ कयाधू ओलांडली. पुलावर बस येताच मी सवयीने खिडकीतून खाली वाकून खांब पाहिले. वर मान केली तर युसूफभाई पलीकडच्या खिडकीतून तेच करत होते.

"पानी खांबाची माती खाऊन राहिलंय," ते म्हणाले.

"दगड टाकायला हवेत."

"कवाच टाकाया पाह्यजे व्हते."

त्या दोन मिनिटांत आमची जी ओळख झाली ती आदल्या दिवसभरात झाली नव्हती.

हिंगोलीहून सेनगाव, तिथून पुढे साखऱ्याच्या बाजूची दुसरी गाडी. तिने आम्हाला फाट्यावर सोडलं. पुढे चालायचं होतं. हळदीचा मुलूख मागे पडला होता. इथे कोरडवाहू शेतं, दगडगोट्यांची जमीन, तुरीची उभी खुंटं आणि मध्येच घाट्यांनी भरलेला हरभरा. मी या मोहिमेसाठी खास नवे बूट घेतले होते. पाऊण वाटेत उजव्या बुटाचा तळ सुटला आणि प्रत्येक पावलाला टाळी वाजवू लागला. युसूफभाईंनी शेताच्या कुंपणाची तार तोडून तो बांधला, दोन वेढे, वर पीळ. गाठ अजून सुटलेली नाही. सफरमैनाचं काम मी प्रत्यक्ष पाहिलं ते एवढंच.

गावात शिरताना एक लहानसा चौथरा लागला. त्यावर किसन पाईकरावांचं नाव होतं आणि मागच्या भिंतीवर पूल आणि टँकचं चित्र. टँक न पाहिलेल्या रंगाऱ्याने तो ट्रॅक्टरला नळी लावून काढला होता. युसूफभाई तिकडे न पाहता पुढे गेले.

गयाबाई दारातच उभ्या होत्या. बारीक अंग, पांढरे केस, नजर धारदार. गावच्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून त्यांनी नोकरी केली. एकुलती मुलगी हिंगोलीत नर्स आहे. लग्नाला दोन वर्षं होतात तोच नवरा गेला, मुलगी तेव्हा पाळण्यात होती.

"जय भीम, वहिनी," युसूफभाई म्हणाले.

"सलाम, भाऊजी. अवंदा लवकर आले?" मग माझ्या तारेने बांधलेल्या बुटाकडे पाहून, "आन् हे कोन? लढाईतून आले का?"

दोन खोल्यांचं नीटनेटकं सिमेंटचं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, शेजारी गणवेशातल्या किसनचा फोटो. बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा, फोटो काढताना श्वास रोखून धरलेला. मी माझं काम सांगितलं. युसूफभाईंनी घसा साफ करून गोष्ट सुरू केली: नदी, थंडी, धुकं. आज त्यांचा आवाज लागत नव्हता. टँक यायच्या आतच गयाबाईंनी हात वर केला.

"ते राहू द्या, भाऊजी. मले पाठ हाय." त्या माझ्याकडे वळल्या. "सायेब, तुमी पुलाचे इंजिनेर हाव म्हन्ता. तुमच्या कागदात नदी किती खोल हाय, लिहिलंय का?"

एवढा सोपा प्रश्न. मी आनंदाने पान काढलं. "होडी बांधली तिथे अकरा फूट."

"परसात सांगा." (परस म्हणजे पुरुषभर उंची. विहिरी इकडे त्यात मोजतात.)

"दोन परस. थोडं कमीच."

गयाबाईंनी मान हलवली. हिशेब त्यांनी आधीच मांडून ठेवला असावा, फक्त हा एक आकडा यायचा राहिला होता.

"आमच्या वस्तीची विहीर सात परस. पावसाळ्यात चार परस पानी राहे. कोनाची घागर पडली का याले बोलवत. तळाले जाऊन घागर घेऊन वरते ये, अन् वर येऊन हासे." त्या फोटोकडे न बघता बोलत होत्या. "असा मानूस दोन परस पान्यात बुडते कसा? पन्नास वरसं मी इचार करून राहिली. इचारू कोनाले? कागदवाला मानूस कधी आलाच न्हाई."

बाहेर कुणीतरी हरभरा बडवत होतं, त्याचा आवाज येत होता. मी युसूफभाईंकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते.

"बुडाला न्हाई तो," ते शेवटी म्हणाले. "गोळी बी न्हाई लागली. होडी खेचाची लोखंडी तार व्हती, ती तुटली. सपकन आली आन् डोक्याला लागली. पान्यात पडायच्या आदीच गेला. त्याला काही कळलं न्हाई, वहिनी. एवढं खरं हाय."

गयाबाई थांबल्या होत्या. आणखी काही आहे हे त्यांना ऐकू येत होतं.

"त्या दिवशी होडीवर माझी पाळी व्हती," युसूफभाई म्हणाले. "मला पोहता येत न्हाई. भरतीच्या टायमाला येतं म्हनून सांगितलं व्हतं. हे एकट्या किसनला ठाव व्हतं. तो म्हनला, तू काठावर तार खेचाच्या चरखीला थांब, मी जातो. मी थांबलो."

गयाबाई उठल्या आणि आत गेल्या. स्टोव्ह पेटल्याचा आवाज आला. आम्ही दोघे बसून राहिलो. उठून जावं की बसावं याबद्दल कुठलाही नियम मला आठवेना. बऱ्याच वेळाने त्या दोन ताटं घेऊन आल्या. ज्वारीची भाकर, येसर (भाजलेल्या धान्यांचं मसालेदार पीठ घालून केलेली आमटी), सुकवलेल्या हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. ताटं आमच्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या.

"जेवा."

आम्ही हात लावला नाही.

"हा मानूस दरसाल येते," त्या मला सांगू लागल्या, युसूफभाई जणू तिथे नव्हतेच. "पोरीच्या लग्नात राबला. मी दवाखान्यात व्हती तं आठ दिवस बाहेर बसला. मी म्हनो, याचं-आपलं नातं काय? काहून येते हा?" मग त्यांच्याकडे वळून, "म्हंजे तुमी माह्यासाठी न्हाई आले भाऊजी. तुमी तुमच्यासाठी आले."

"व्हय," युसूफभाई म्हणाले.

"टँक तरी गेले का?"

युसूफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. गयाबाईंनीही माझ्याकडे पाहिलं. "तुमच्या कागदात काय हाय, सायेब?"

'बघू', 'तपासून सांगतो', 'नोंद स्पष्ट नाही' अशी तीन उत्तरं माझ्याजवळ तयार होती. तिन्हींवर माझी आख्खी नोकरी पार पडली होती. पण त्या बाईने पन्नास वर्षं एका आकड्याची वाट पाहिली होती आणि मला तिच्यापुढे मोघम बोलता येईना.

"कागदात लिहिलंय, वापर शून्य," मी म्हणालो. "पुलावरून कुणी गेलं नाही. दोन दिवसांनी तो उतरवला."

"कागद खोटा हाय!" युसूफभाई एकदम ओरडले. मला वाटलं, झालं, परत टँक आले. पण त्यांचा आवाज गोष्टीतला नव्हता. "टँक न्हाई गेले. फौज न्हाई गेली. पर कोनीच गेलं न्हाई असं न्हाई. लोक गेले."

"कोन लोक?"

"तिथलेच. गावं सोडून पळालेले, ते परत येऊन राहिले व्हते. सकाळी धुक्यातून काठावर येऊन उभे राहिले. पूल फौजेचा, सोडता येत न्हाई. सुभेदारसाहेबांनी त्यांच्याकडं बघितलं आन् आमाला म्हनले, धुकं लई हाय, मला तर काही दिसून न्हाई राहिलं. आन् पाठ फिरवून चहा पीत बसले. दुपारपर्यंत लोक जात व्हते. म्हातारे, लेकरं, डोक्यावर भांडी. पयली एक बाई गेली. कडेवर लेकरू, संग दोन बकऱ्या. बकऱ्या पत्र्यावर पाय ठेवीनात. एक मी उचलून नेली पलीकडं. ते पत्रे किसननं बसवलेले व्हते."

गयाबाईंनी आमची ताटं थोडी पुढे सरकवली. मग त्यांनी हळूच विचारलं, "ती बाई कुटं चालली व्हती?"

"घरी. पलीकडं गाव व्हतं तिचं."

"पोचली का?"

"पलीकडच्या काठावर तर मीच सोडली. तिथून गाव दिसत व्हतं."

"मंग हे सांगाचं सोडून टँक कशाले सांगत बसले इतके साल?"

युसूफभाई गोंधळले. "फौजेची गोष्ट, वहिनी. त्यात बकऱ्याचं काय सांगाचं? मला वाटलं, टँक म्हनलं तर तुमाला बरं वाटंल."

"टँक म्या कधी पाह्यला न्हाई," गयाबाई म्हणाल्या. "बकरी मले ठाव हाय." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. लढाईनंतर इतक्या वर्षांनी त्या घरात पहिल्यांदा कुणी रडलं की काय, मला सांगता येणार नाही. आम्ही खाली मान घालून जेवत होतो. भाकर गार झाली होती. त्यांनी आम्हाला दुसरी गरम करून वाढली, युसूफभाईंनाही, पण त्यांच्याशी त्या दिवशी आणखी एक शब्द बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी 'सलाम' म्हटलं नाही. युसूफभाईंनी 'जय भीम' म्हटलं, तेव्हा मानेने होकार दिला तेवढाच.

परतीच्या बसमध्ये युसूफभाई खिडकीशी बसले. कयाधूच्या पुलावर त्यांनी खाली पाहिलं नाही, म्हणून मीही पाहिलं नाही. बाळापूरला उतरताना म्हणाले, "आता पुढच्या साली जावं की न जावं?" मी म्हणालो, "जा." मला हे सांगण्याचा कोणताही अधिकार नव्हता. पण आयुष्यात फार थोड्या प्रस्तावांना मी इतकी चटकन मंजुरी दिली असेल.

पुण्यात आल्यावर लेख लिहायला बसलो आणि माझ्यातला तपासनीस जागा झाला. टँक सात होते, मग नऊ झाले, मग एकही नव्हता. मग या बकऱ्यांचं काय? त्या खऱ्या कशावरून? कागदाला पुरावा म्हणायचं, तर कागद लिहिणारा त्या वेळी दुसऱ्या पुलाची जागा बघायला गेलेला होता, हे त्याच्याच वहीत आहे. शेवटी मी माझी अशी समजूत घातली की थापा मारणारा माणूस आधी मोठ्या गोष्टी घेतो. पन्नास वर्षं लपवून ठेवायला तो बकऱ्या कशाला निवडेल? स्मरणिकेच्या संपादकांना हा युक्तिवाद पटला नाही. त्यांनी विचारलं, "टँकचा एखादा फोटो मिळेल का?"

तरी खात्री म्हणून महिन्याभराने मी बाळापूरला फोन लावला. युसूफभाई खुशीत होते.

"गयाबाईचा फोन आला व्हता, साहेब. तिनं आपन होऊन लावला. इचारत व्हती, ती बाई लुगडं कोन्त्या रंगाचं नेसली व्हती."

"मग?"

"मी सांगितलं, हिरवं."

"खरंच हिरवं होतं?"

पलीकडे वेल्डिंगचं मशीन चालू होतं. ते बंद होईपर्यंत युसूफभाई थांबले.

"धुकं लई व्हतं, साहेब," ते म्हणाले.

लेखात मी हिरवंच लिहिलं आहे.